बुटांखालची फळी

ताकादा,
२० नोव्हेंबर १९५६

ती. तेइझोदादा यांस,
फुमिचा नमस्कार.

पत्र पोचलं. इकडे सगळं ठीक. बर्फ अजून पडलेलं नाही, मुळ्याचं लोणचं घालून झालं, बाबांच्या मागे फोटोचं दुकान रडतखडत चालवते आहे. तुमचं पोट आता बरं असेल.

तुमच्या तुकडीचा, युद्धात बेटावर निघण्याआधीचा फोटो देवळात लावायला मोठा करून हवा, चौकटीत मावला नाही तर खालची रांग काप, असं तुम्ही लिहिलंत. खालच्या रांगेत इसामु आहे. आपला धाकटा भाऊ. विसरला असाल म्हणून सांगितलं.

तो दिवस मला चांगला आठवतो. मधली खुर्ची तुमची, कप्तानसाहेबांची. गुडघे फाकलेले, मधे तलवार, तिच्या मुठीवर दोन्ही हात. पाय जमिनीला टेकेनात म्हणून बाबांनी बुटांखाली फळी सरकवली. शेजारच्या दोघांना गुडघे जुळवून बसायला लावलं, तेव्हा कुठे तुमचा रुबाब मावला! पायाशी मांडी घालून बसलेला इसामु हसून म्हणाला, "दादा, दोन खुर्च्या एकट्यालाच लागतात होय रे?"

"तोंड मीट. इथे मी कुणाचा दादा नाही."

खरंच नव्हतात.

गेल्या महिन्यात कुराता दुकानात आला होता. बेटावर राहिलेल्या एकेचाळीस जणांतला तो एकटा जिवंत परतला, हे तुम्हाला ठाऊक आहे. फोटोतल्या एकेका तोंडावर बोट ठेवत नावं घेत गेला. मधल्या खुर्चीवर बोट थांबलं.

"हे तिथं नव्हते हो, ताई. हल्ल्याच्या आदल्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून शेवटच्या बोटीनं गेले. जाताना इसामुला म्हणाले, 'मी मदत घेऊन येतो. तू जागा सोडू नकोस.' त्यानं नाही सोडली."

तेरा वर्षं तुम्ही आईला सांगत आलात, 'इसामु माझ्या मांडीवर गेला.' तेच ऐकत ती म्हातारी मेली. लाज कशी वाटली नाही?

तुम्ही काप म्हणालात, मी कापलं. फोटोच्या दिवशी जो गैरहजर असतो, त्याचं तोंड उजव्या कोपऱ्यात गोलात बसवायची आपली रीत. गोवर आला तेव्हा शाळेच्या फोटोत इसामु असाच गोलात होता. आता तिथे तुम्ही आहात. तलवारीला गोलात जागा नव्हती. मधली खुर्ची रिकामी आहे. ब्रश घेऊन ती भरून काढायला मला तीन दिवस लागले. खालची रांग पुरी आहे. फळीसुद्धा ठेवली आहे.

फोटो काल देवळात लागला. कुराता फुलं घेऊन आला होता. सोबत एक प्रत पाठवते आहे, दिवाणखान्यात लावा. पाहुण्यांनी विचारलं तर सांगा, त्या दिवशी पोट दुखत होतं.

तुमच्या पायाशी बसलेल्या इसामुची बहीण,
फुमि