कप्तानाची बायको

५ ऑगस्ट, सोमवार

झालं! सव्वीस वर्षं हिशेबतपासणी शिकवली, आणि आज प्राचार्य म्हणतात, "सर, तुमच्या विषयाकडे यंदा कोणी फिरकलंच नाही. तुम्ही आधुनिक जागतिक साहित्य घ्या." मी म्हटलं, माझा आणि साहित्याचा काय संबंध? तर म्हणाले, "आधीच्या बाई नोकरी सोडून गेल्या. वर्ग उघडा पडलाय. महिन्याभरात पंधरा मुलं जमवा. नाही जमली तर तुम्ही अतिरिक्त."

अतिरिक्त! म्हणजे संस्था उचलून टाकेल त्या गावी. हिची नोकरी इथे, तेव्हा ही काही येणार नाही. म्हणजे मी एकटा. मला साधं दूध तापवता येत नाही! एकदा तापवलं होतं, तर भांडंच फेकून द्यावं लागलं.

पटावर आज नऊ मुलं. त्यातली दोन चुकून बसली होती.

६ ऑगस्ट

ग्रंथालयात नेमलेल्या कादंबरीची एकच प्रत. भाषांतर आहे. सातशे पानं! ग्रंथपालाने धूळ झटकली आणि त्यालाच शिंका आल्या. प्रत मी घरी आणली. वर्गाला म्हटलं, "आधी मी समजावून सांगतो, मग वाचा." मुलांना आनंद झाला. वाचायला कोणाला हवंय!

संध्याकाळी उघडली. पहिल्या पानावर बर्फ. दुसऱ्या पानावर बर्फ. बर्फात एक जहाज अडकलंय. कप्तान बर्फाकडे बघतोय. तिसऱ्या पानावर मला झोप लागली.

७ ऑगस्ट

डोकं लढवलं. ही औषधाच्या दुकानात काउंटरला असते. दुपारी तिथे चिटपाखरू नसतं. म्हटलं, "अगं, हे तू वाच आणि रोज सकाळी मला थोडक्यात सांग."

"मी सांगू? आणि तुम्ही ऐकणार?"

"म्हणजे काय! नोकरीचा प्रश्न आहे."

पुस्तक पिशवीत टाकून गेली. काम असं वाटून द्यावं लागतं.

१२ ऑगस्ट, सोमवार

सकाळी इस्त्री करता करता हिने सुरुवात केली. म्हणाली, "बर्फाचं सोडा हो. ते नुसतं निमित्त आहे. खरी गोष्ट कप्तानाच्या घरची आहे. तो आठवत बसतो ना, त्याची."

मी भराभर टिपून घेतलं. कप्तान घरी आला की आधी विचारतो, माझा कंपास कुठाय. बायकोला ताप असला तरी कंपास. जेवताना नकाशा उघडून बसतो. ताटात काय आहे ते बघत नाही, कोणी केलं तेही बघत नाही.

हेच जसंच्या तसं वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरचा जांभईवाला — पहिल्या दिवसापासून तोंड मिटलेलं दिसलं नव्हतं — तो चक्क सरळ बसला! एक मुलगी म्हणाली, "सर, आमचे काका अगदी असेच." सगळे हसले. तास संपल्याची घंटा झाली तरी कोणी उठेना. सव्वीस वर्षांत असं झालं नव्हतं.

१३ ऑगस्ट

पटावर बारा.

सकाळी कप्तानाची गोष्ट संपल्यावर ही दुकानाबद्दल काहीतरी सांगत होती. मालक, नवी शाखा, कुठलंसं गाव. माझं लक्ष हजेरीपटात. "बरं बरं," म्हटलं.

२० ऑगस्ट, मंगळवार

आजचा तास म्हणजे कळस! कप्तानाच्या बायकोने कमरेपर्यंतचे केस कापून खांद्यावर आणले. दाराशी उभी राहिली, दिवा मोठा केला, दोनदा समोरून गेली. कप्तान जेवला, हात धुतले, नकाशा घेऊन बसला! मुली "शी!" म्हणाल्या. मलाही चेव आला. म्हटलं, "काय हा माणूस! याला डोळे आहेत की शर्टाची बटणं?" टाळ्या पडल्या. वर्गात टाळ्या!

चष्मेवाली म्हणून एक पहिल्या बाकावर बसते. सगळं लिहून घेते आणि मग प्रश्न विचारते. भारी चिवट. म्हणाली, "सर, कप्तान मुळात वाईट आहे का?"

हे हिने सांगितलेलं नव्हतं. म्हटलं, "उद्या सांगतो."

संध्याकाळी जिन्यात शेजारीण भेटली. "वहिनींना आखूड केस छान दिसतात हो," म्हणाली. कोणाच्या वहिनी, ते विचारायचं राहूनच गेलं.

२१ ऑगस्ट

हिला विचारलं, कप्तान वाईट आहे का? बराच वेळ कॉलरवरून इस्त्री फिरवत राहिली. म्हणाली, "नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं. मारत नाही, पीत नाही. पगार आणून हातात देतो. फक्त तिच्याकडे बघायचं राहून गेलंय त्याचं."

वर्गात सांगितलं. चष्मेवालीने चष्मा काढून पुसला.

हिच्यात टीकाकाराचे गुण आहेत हं! कौतुक करायला हवं. करतो एखाद्या दिवशी.

२७ ऑगस्ट

पटावर सोळा! दुसऱ्या वर्गातली मुलं दाराशी उभी राहून ऐकतात. प्राचार्य डोकावून गेले. मला ऐकू जाईल अशा बेताने शिपायाला म्हणाले, "हा माणूस इतकी वर्षं हिशेबात वाया गेला."

३ सप्टेंबर, मंगळवार

कथानक अगदी ऐन रंगात आलंय. कप्तानाच्या बायकोला दुसऱ्या बंदरावरून बोलावणं आलं. तिथलं दुकान तिने एकटीने सांभाळायचं, राहायला वर दोन खोल्या. खिडकीतून पाणी दिसतं. तिने कप्तानाला सांगितलं, तर तो म्हणाला, "बरं बरं."

वर्गात नुसता गोंधळ! जांभईवाला बाकावर हात आपटून म्हणाला, "सर, तिने जायलाच पाहिजे!" चष्मेवाली म्हणाली, "पण त्याला एकदा स्पष्ट विचारावं ना." त्यावर तिची मैत्रीण, "अगं, किती वेळा? केस कापून दाखवले, अजून काय मुंडकं कापून दाखवायचं?" मग मी मतच घेतलं. हात वर करा म्हटलं. सगळे हात वर, फक्त चष्मेवालीचा अर्धा. मुलं ओरडली, "सर, तुमचं मत?"

मीही हात वर केला. दोन्ही!

घरी आल्या आल्या हिला सांगितलं. ही कपड्यांच्या घड्या घालत होती. म्हटलं, "सगळ्यांचं एकच मत पडलं, तिने जावं. मी तर दोन्ही हात वर केले, ठासून सांगितलं. असल्या ठोंब्याजवळ राहून करायचंय काय? आयुष्य एकदाच मिळतं!"

हिचे हात थांबले. "खरंच असं म्हणालात?"

"अगदी याच शब्दांत."

"मनापासून?"

"म्हणजे काय! मुलांसमोर खोटं बोलेन?" मग विचारलं, "पण शेवट काय होतो? जाते का ती?"

"अजून तिथवर पोचले नाही," म्हणाली आणि राहिलेल्या घड्या घालायला लागली. माझे शर्ट वेगळे ठेवले, तिच्या साड्या वेगळ्या. उगाच काहीतरी टापटीप.

५ सप्टेंबर, गुरुवार

चष्मेवालीने घात केला. तिच्या मावशीच्या कॉलेजातून हीच कादंबरी मिळवून आणली. भर वर्गात उभी राहिली. "सर, रात्रंदिवस बसून वाचली. यात कप्तानाला बायकोच नाहीये."

"अगं, नीट बघ."

"बघितलं सर. पाचव्या पानावरच लिहिलंय. कप्तान अविवाहित आहे. घरसुद्धा नाही त्याला. सातशे पानं सगळे जहाजावरच आहेत."

वर्ग माझ्याकडे बघायला लागला. पण मी काय कच्चा आहे! म्हटलं, "तुझी आवृत्ती संक्षिप्त असणार. बायकांचे भाग नेहमी आधी कापतात." मुलींनी माना डोलावल्या. चष्मेवाली मात्र खाली बसेना. "सर, सातशे पानांची संक्षिप्त?"

बरं तर बरं, तेवढ्यात घंटा झाली.

त्यातच प्राचार्यांनी बोलावलं. पटावर अठरा! हस्तांदोलन केलं. म्हणाले, "सर, तुमची जागा पक्की. कुठे जायला नको, आता निवृत्त होईपर्यंत इथेच." जिना उतरताना शीळ घालावीशी वाटली. सुटलो! घर, ही, सकाळचा चहा, सगळं जागच्या जागी राहिलं.

६ सप्टेंबर, शुक्रवार

रजा टाकली. हिला म्हटलं, पुस्तक आज घरी ठेव. टेबलावर ठेवून कामाला गेली.

वाचलं. सगळं नाही, पण पाचवं पान वाचलं आणि मग वेड्यासारखा पानं उलटत सुटलो. बर्फ, दोरखंड, बिस्किटं, पुन्हा बर्फ. कप्तान अविवाहित. कंपास आहे, पण कोणाला ताप नाही, ताट नाही, नकाशा आहे पण तो जहाजाच्या टेबलावर. केस फक्त एकाने कापलेत, तोही खलाशी, उवा झाल्या म्हणून. दुकान नाही, वरच्या दोन खोल्या नाहीत. बाई म्हणून एकही नाही! चाळीसाव्या पानावर बसचं तिकीट खुणेला घातलेलं. त्याच्यापुढची पानं एकमेकांना चिकटलेली, कधी उघडलेलीच नाहीत; मीच एकेक सोडवत गेलो.

उठलो, पाणी प्यायलो. माझा चष्मा सापडेना तेव्हा सवयीने हाक मारली, "अगं, चष्मा कुठाय?" घरात कोणी नव्हतं.

मग आठवायला लागलो. हिचे केस. आहेत कसे हिचे केस? देवाशपथ सांगतो, डोळ्यांपुढे येईनात. हिची वेणी आठवते, पण ती बहुधा लग्नाच्या फोटोतली. गेल्या हिवाळ्यात हिला ताप होता, आणि मी हजेरीपट शोधत होतो. ते गाव कुठलं म्हणाली होती? तेरा तारखेचं पान काढून बघितलं. मी लिहिलंय, "कुठलंसं". लाज वाटते. माझ्या त्या ठोंब्यावर अख्खा वर्ग टाळ्या वाजवत होता, आणि सगळ्यांत जोरात मी!

संध्याकाळी किल्लीचा आवाज झाला तसा दारात जाऊन उभा राहिलो. खांद्यापर्यंत आहेत. एका बाजूला थोडे पांढरे. छान दिसतात. तेवढंसुद्धा तोंडातून फुटेना. ही म्हणाली, "अहो, असे दारात काय उभे? बरं नाही का?"

७ सप्टेंबर, शनिवार

आज धीर करून विचारलं. "तू जाणार आहेस का?"

"सोमवारी," म्हणाली. "ठरत नव्हतं हो माझं. तुम्ही दोन्ही हात वर केलेत, तेव्हा ठरलं."