बुधवारची मागची वाट

५ ऑगस्ट, सोमवार
एकोणीस दिवसांनी घरी. तिसरा मजला, लिफ्ट नाही. चौघांनी खुर्चीत बसवून वर आणलं. सोसायटीतले सगळे जिन्यात हात जोडून उभे. पाया पडायला कुणी पुढे आलं नाही. आलं असतं तरी पाय एकच होता. उजवा गुडघ्याखाली... असो. ते वाक्य अजून पुरं होत नाही.
सासूबाई (यापुढे सा., शाई वाचते) भाकरतुकडा घेऊन दारात. वय चौऱ्याऐंशी, नजर जिल्हाधिकाऱ्याची. ओवाळून झाल्यावर म्हणाल्या, "हळू चालवायची सवय तुला कधी नव्हतीच." स्वागत समारंभ संपला.

८ ऑगस्ट, गुरुवार
श्री.नी (श्रीधर, माझा नवरा; इथेही शाई वाचते) पोलिसांकडून पंचनाम्याची झेरॉक्स आणली. 'स्कूटरस्वार महिलेने नो एंट्री असलेल्या गल्लीत अचानक उजवीकडे वळण घेतल्याने...' हा कॅबवाल्याचा जबाब. हिंजवडीच्या कुठल्याशा कंपनीची कॅब. रात्रभर अमेरिकेशी फोनवर गोड बोलणारी पोरं घरोघर सोडून परत चालली होती. सकाळी सात. मागून आली.
मी वळलेच नाही. आमच्या गल्लीच्या तोंडावरून सरळ पुढे चालले होते. नदीकडून वळसा घालून मागच्या फाटकाशी.
पंचनाम्यात शेवटी एक ओळ: 'घटनास्थळी फुटलेली अंडी, अंदाजे दोन डझन.' ती ओळ श्री.नी पेनानं गिरवून गिरवून काळी केली होती. झेरॉक्सवरची. मूळ कागद चौकीत आहे, हे बँकेत एकतीस वर्षं काढून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या माणसाला कोण समजावणार?
"आईच्या हातात पडला असता तर?" म्हणे.
अकरा वर्षांपूर्वी श्री.ना क्षय झाला. डॉक्टरांनी अंडी सांगितली. क्षय गेला, अंडी राहिली. दर बुधवारी सा. पूजेला बसल्या की मी शनिवार पेठेतून दोन डझन आणते. माझ्या लिहिण्याच्या खोलीत, विजेच्या किटलीत उकडते. टरफलं रविवारच्या पुरवणीत गुंडाळून बाहेर. पुरवणीत माझंच सदर असतं. त्याचा एवढा उपयोग संपादकांनाही सुचला नसेल.

२२ ऑगस्ट, गुरुवार
दावा लावायचा तर वकील हवा. पुण्यात प्रत्येक घराचा एक दंतवैद्य ठरलेला असतो, तसा एक वकीलही. आमचे बापूसाहेब, श्री.चे मावसभाऊ. ऑफिसच्या दारावर पाटी: 'अशिलांनी चपला बाहेर काढाव्यात.' काढली. एकच होती, वेळ लागला नाही.
बापूसाहेब पाऊण तास एका भाडेकरूबद्दल बोलले. भाडेकरू वारला, मालक वारला, खटला ठणठणीत आहे.
"आणि माझं काय?"
"वहिनी, तडजोड करा. शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये."
"चढता येत नाही म्हणून तर तुमच्याकडे आले."
हसले नाहीत. "आपण पेपरात लिहिता म्हणे. मी वाचत नाही."
निघताना श्री.ना हळूच, "थोडी चूक वहिनींचीही असणारच ना रे." लाकडी जिन्यात हळूच असं काही नसतं. नाव खोडलं.

२७ ऑगस्ट, मंगळवार
दुसरे: ॲड. विक्रांत. जंगली महाराज रस्ता, काचेचं दार, एसी, टेबलावर संगणक आणि त्याच्यावर मासे पोहताहेत. वय पस्तीस. 'अपघात' हा शब्द ते असा उच्चारतात, जसा हलवाई 'पेढा' म्हणतो.
माझ्याकडे पाहून पहिलं वाक्य: "उत्तम केस आहे."
मग सूचना. जयपूर फूट बसवायचा नाही, निकालापर्यंत. "जजसाहेबांना पाय दिसता कामा नये, मॅडम. म्हणजे नसलेला दिसला पाहिजे."
"निकाल कधी लागतो?"
"तीन वर्षं. चार."
"तोवर मी लंगडी घालू?"
"आणि ते विनोदी लिखाण थांबवा. दुःखी माणूस विनोद करत नाही."
यांना दुःखी माणूस माहीतच नाही. श्री. मात्र जाम खूश. खाली आल्यावर, "काय ऑफिस आहे गं!"

४ सप्टेंबर, बुधवार
फिजिओथेरपीच्या बाईंनी तिसरं नाव दिलं. ॲड. रेहाना शेख, येरवड्याच्या. त्या स्वतःच आल्या. तीन मजले चढून, धापा टाकत. बोलणं आमच्याच पेठेतलं, म्हणजे खडूस. पाय किती गेला, दुखतं का, काही विचारलं नाही. पंचनामा वाचला. मग पिशवीतून एक कात्रण काढलं.
"हे तुमचंच ना?"
माझंच. दोन वर्षांपूर्वीचं. 'वीस वर्षं मी आमच्या गल्लीत नो एंट्रीतून शिरते आहे, कारण पाटी सरकारची असली तरी गल्ली माझी आहे,' वगैरे. त्या आठवड्यात एकशे चार पत्रं आली होती. सगळी कौतुकाची.
"विनोद आहे तो," मी म्हटलं.
"कोर्टाला विनोद कळत नाही, मॅडम. वाचता येतो. मला हे एका दुपारी सापडलं. विमा कंपनीच्या वकिलाला पगार मिळतो, त्याला तासाभरात सापडेल." मग थेट, "त्या दिवशी वळला होतात का?"
"नाही!"
"इतर दिवशी?"
"...रोज."
"मग त्याच दिवशी सरळ का गेलात?"
श्री. दाराशी उभे होते. चेहरा कागदासारखा. मी म्हटलं, आपण येऊ शकता. त्या उठल्या, चप्पल घातली. "कारण सापडलं तर फोन करा. खरं असलं तरच."

५ सप्टेंबर, गुरुवार
रात्री झोप नाही. नसलेल्या पायाचा अंगठा खाजतो. बाई उद्धट आहे. माझ्याच घरात, माझ्याच खुर्चीत बसून... आणि कात्रण लॅमिनेट केलेलं! मी स्वतः माझे लेख लॅमिनेट करत नाही.
कारण अर्थात माहीत आहे. आमच्या गल्लीतून आलं की पुढच्या पायऱ्यांवर सोसायटीचे तिघे पेपर वाचत बसलेले. पिशवीत काय, हे न विचारता ज्यांना कळतं असे तिघे. म्हणून बाकी सहा दिवस मी नो एंट्रीतून येते आणि बुधवारी कायद्यानं. आयुष्यात नियम पाळला तो अंड्यांसाठी, आणि त्याच दिवशी...
हे मी कोर्टात सांगू? वीस वर्षं ज्यांच्या ढोंगावर माझं सदर चाललं, त्या सगळ्यांसमोर?

९ सप्टेंबर, सोमवार
दुपारी बेल. दारात तिशीचा माणूस, हातात शहाळं. "मॅडम, मी गजानन. गाडी... मीच व्हतो." बुलढाण्याकडचा. उंबरा ओलांडेना.
"मी वळले होते का हो?"
"म्या पाह्यलंच नाही, मॅडम. डबल ड्यूटी व्हती. डोळा लागला. आवाज झाला तवा जागा झालो."
"मग जबाबात काय लिहिलंत?"
"कंपनीच्या साहेबानं कागद लेहून आनला. म्या सही केली."
"हेच कोर्टात सांगाल?"
"नोकरी जाईन, मॅडम. दोन पोरी हायेत."
"मला दोन पाय होते."
शहाळं दाराबाहेर ठेवून गेला. श्री. म्हणाले, फेकू नको, ताजं आहे. मी फेकलं. तिसऱ्या मजल्यावरून. आवाज बरा आला.

१४ सप्टेंबर, शनिवार
ढोल-ताशे. खिडक्या थरथरतात. उद्या गौरी यायच्या, पाच दिवसांचे गणपती मात्र आजच निघाले. ॲड. विक्रांतना फोन करून कात्रणाचं सांगितलं. ओरडून बोलावं लागलं, सोसायटीनंही ऐकलं असेल.
त्यांना काहीच अडचण वाटली नाही. "लेख काल्पनिक. त्या गल्लीत तुम्ही स्कूटर कधी नेलीच नाही."
"पेठेत पाच हजार लोकांनी पाहिलंय."
"पाच हजार लोक साक्षीला येत नाहीत, मॅडम."
"आणि अंडी?"
"अंडी दुसऱ्या कुणाची. रस्त्यावर काय, काहीही पडलेलं असतं."
श्री. कानाला कान लावून ऐकत होते. उडालेच. "अंडी दुसऱ्याची! बघ. याला म्हणतात वकील."
खरी गोष्ट अशी की मी वळले नव्हते. खऱ्या गोष्टीसाठी इतकं खोटं बोलायचं, की शेवटी मीही विसरून जाईन मी कुठून चालले होते. वकीलपत्राचा कोरा कागद त्यांनी कुरिअरनं पाठवलाय. टेबलावर पडलाय. सही नाही.

१५ सप्टेंबर, रविवार
श्री.ना म्हटलं, आईंना सांगते.
"गणपती घरात असताना?"
बरं. विसर्जनानंतर.
"पुढे पितृपंधरवडा. बाबांचं श्राद्ध. आणि मग नवरात्र." हा माणूस पंचांग मला अडवण्यासाठीच विकत घेतो.

२२ सप्टेंबर, रविवार
काल विसर्जन. आज पेठेत कान बसल्यासारखी शांतता. सा. जपमाळ घेऊन बसलेल्या. कुबड्या टेकत गेले, समोर बसले, सांगून टाकलं. क्षय, किटली, बुधवार. सगळं.
माळ थांबली. "श्रीधरनं?"
"हो."
"माझ्या देवघराच्या भिंतीला लागून?"
"हो." (लिहिण्याची खोली पलीकडेच. हे माझ्या कधी डोक्यात आलंच नव्हतं.)
"अकरा वर्षं त्याच्या हातून मी देवाला नैवेद्य दाखवला." मग माझ्याकडे पाहून, "तू तर दर रविवारी जगाची लक्तरं पेपरात टांगतेस. घरातलं बरं झाकलंस."
एवढी धारदार ओळ मला वर्षात एखादीच सुचते. श्री. न्हाणीघरात होते, तास झाला तरी बाहेर आले नाहीत.

२४ सप्टेंबर, मंगळवार
सा.नी माळ्यावरून वातीचा नव्हे, पंपाचा स्टोव्ह काढवला. गॅलरीत मांडला. स्वतःचा भात स्वतः. माझ्या स्वयंपाकघराला शिवत नाहीत, पाण्यालासुद्धा नाही. मोलकरणीमार्फत निरोप: "तिला सांग, रॉकेल आणायचंय."
श्री.: "मिळाला आनंद? खरं बोलायची एवढी हौस होती तर लेखात बोलायचंस."
पहिल्यांदाच आयुष्यात त्यांचं बरोबर आहे. म्हणून जास्त राग आला.
रेहानाबाईंना फोन केला. कारण सांगितलं. त्या म्हणाल्या, "अंडी. बरं. हे चालेल. इतकं अवघड खोटं कुणी बनवत नाही."

१ ऑक्टोबर, मंगळवार
विक्रांतचा कागद फाडला. चार तुकडे, व्यवस्थित. रेहानाबाई त्यांचं वकीलपत्र घेऊन आल्या. त्यांच्या मते: कोर्टात उभं राहून आधी म्हणायचं, होय, लेख माझा, होय, वीस वर्षं चुकीच्या बाजूनं. मग त्या दिवसाचं. "जयपूर फूट घालून या. लंगडून आलात तर मी केस सोडीन."
साक्षीदार. पहिली मी. दुसरा अंडीवाला, दर बुधवारी सकाळी ही बाई येते, एवढं सांगेल. पण मी वळसा घालून मागच्या फाटकानं येते, हे कुणाला माहीत? श्री.? "नवरा नवऱ्यासारखंच बोलणार. आणि हे तर..." त्यांनी श्री.कडे पाहिलं. श्री.ना घाम आला होता.
गॅलरीचं दार उघडं. सा. स्टोव्हपाशी पाटावर. पाठ आमच्याकडे. आठ दिवसांत माझ्याशी शब्द नाही.
रेहानाबाई दारापर्यंत गेल्या, उंबऱ्याअलीकडे थांबल्या. "आजी, एक विचारू?"
"विचारा. मी काही बांधील नाही."
"सुनेची स्कूटर मागच्या फाटकानं कधी यायची?"
"बुधवारी." पाठ वळली नाही. विचार करायला क्षणही लागला नाही. "सात वाजून पाच-दहा मिनिटांनी. मी अथर्वशीर्षावर असायची."
"इतर दिवशी?"
"पुढून. हॉर्न वाजवत. सगळ्या आळीला उठवत."
माझ्या हातातली कुबडी भिंतीला लागून घसरली. कुणी उचलली नाही.
"एवढंच कोर्टात सांगाल, आजी?"
"बुधवारी का, ते विचारतील?"
"विचारतील."
"तो शब्द मी तोंडानं उच्चारायचा? शपथ घेऊन?"
सा.नी भाताचं पातेलं उतरवलं. मग स्टोव्हला पंप मारायला लागल्या. काही चढवायचं नव्हतं. तरी मारत राहिल्या.
वकीलपत्रावर मी सही केली. रेहानाबाईंनी यादीत दोन नावं पेनानं लिहिली. तिसरं पेन्सिलीनं. कागद पिशवीत घालताना म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत थांबते."
उद्या बुधवार.