चंदेरी रंगावरचे पाच डाग

मामा, तुमच्या गाडीच्या मॅनिफोल्डला आज दुसऱ्यांदा रंग दिला. ह्या वेळी मी एकटीनंच. हे, म्हणजे तुमचे चिरंजीव, गाडी विकतही नाहीत आणि फारशी चालवतही नाहीत. महिन्यातून एकदा इंजिन सुरू करून कान देऊन उभे राहतात, अगदी तुमच्यासारखे. दुपारी इंजिन तापवलं, थोडा धूर निघाला, वास आला, आणि रंग सगळीकडे एकसारखा बसला. तेव्हा तुम्हाला लिहावंसं वाटलं.

माझ्या लग्नाचं दुसरं वर्ष होतं. घनसावंगीत तुमच्या गाडीला तुमच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही. ह्यांना फक्त टायर धुवायची परवानगी. रामनवमीला जांब समर्थला जायचं म्हणून तुम्ही हाच मॅनिफोल्ड, इंजिनाचा तो बिडाचा भाग, सोडवून ओट्यावर ठेवलेला, चार नळ्या एकत्र येऊन ज्यातून तापलेला धूर बाहेर पडतो तो. तारेच्या ब्रशनं घासून, पेट्रोलनं पुसून तो कोरडा ठणठणीत केला होता. पण तुमचा हात त्या वर्षी थरथरायला लागलेला. तुम्ही मला हाक मारलीत. "बाई, तुझा हात रांगोळीचा हाय, हे तूच रंगव. फकस्त तेलाचं बोट लागू देऊ नको, न्हाईतर हा उष्णतेचा रंग धरत न्हाई." आत्याबाई दारातून म्हणाल्या, "घरातली चूल सारवायची राह्यली, आन् तुमी तिला गाडी सारवायला लावून राह्यले." "चूल तू सारव," असं म्हणून तुम्ही ब्रश माझ्या हातात दिलात आणि हात धुवायला गेलात.

तेवढ्यात मी एक काम केलं, मामा. आमच्या माहेरी नवी चूल पेटवायच्या आधी तिला हळदकुंकू लावतात. जे रोज तापणार त्याला आधी हात जोडायचे, असं आई म्हणायची. हे तर चुलीहून जास्त तापणार. सुकं कुंकू त्या लोखंडावर टिकेना, म्हणून समईतल्या तेलात कालवलं आणि पाच बोटं लावली. नमस्कार केला, पदरानं पुसून टाकलं आणि मग रंगवायला बसले. तुमचं बोलणं मी विसरले नव्हते. मला वाटलं, तेल म्हणजे गाडीचं काळं तेल. देवाच्या तेलाचं काय एवढं.

तुम्ही सांगाल तसं ह्यांनी ते परत बसवलं, इंजिन तापलं, आणि बरोबर पाच ठिकाणी रंग पापडासारखा फुगून निघाला. मला तिथंच कळलं. तुम्ही बराच वेळ वाकून बघत राहिलात. मग म्हणालात, "डबाच नकली निघाला. नव्या जालन्यातल्या त्या दुकानदारानं बिलकुल फसवलं." मी तो डबा उचलून आत ठेवला. सांगितलं तर हा ब्रश पुन्हा हातात यायचा नाही, असं वाटलं. जांबला देवळाबाहेर तुम्ही बॉनेट उघडून लोकांना दाखवत होतात. एकानं डागावर बोट ठेवलं, तर तुम्ही म्हणता, "रंग खोटा हाय हो. सुनंचा हात बघा की, एक ओघळ न्हाई." मी प्रसादाची पिशवी धरून शेजारी उभी. मॅट्रिक पास झाले तेव्हाही एवढा आनंद झाला नव्हता, आणि एवढी लाजही कधी वाटली नव्हती. आत जाऊन रामरायाला खरं सांगून टाकलं. तुम्हाला नाही. तुम्ही त्या दुकानाची पायरी मरेपर्यंत चढला नाहीत.

परवा मी चढले. दुकानदार आता पार म्हातारा झालाय, पण गादीवर बसतो. सगळं ऐकून हसला. "तेलावर रंगवलं व्हय, ताई? मंग कसा टिकंल. तुमच्या मामांनी मला चार माणसांत काय काय ऐकवलं तवा." तरी त्यानं चहा मागवला. मी डबा घेतला आणि जन्मात पहिल्यांदा भाव केला नाही. आजची पूजा स्टीअरिंगची केली, सुक्या कुंकवानं.

हे पत्र तुमच्या तसबिरीमागं ठेवणार होते. नाही ठेवत, वहीतच राहू दे. देवाला सांगून झालं, दुकानदाराला सांगून झालं, ह्यांनाही सांगेन. तुमच्यापुढं मात्र अजून धीर होत नाही. वाटतं, तुम्ही वाचाल आणि माझ्या हातातला ब्रश काढून घ्याल.