नाचणीवर गहू पडला, तो मी पाहिला

भोंगवली, गुरुवार

चि. सौ. रत्नास दादाचे आशीर्वाद. गुडघ्याला निरगुडीचा शेक चालू आहे ना? दाजींचा खोकला आणि तुझ्या शेळ्या, दोन्ही आटोक्यात असोत. मी ठणठणीत आहे. मुद्दाम लिहितो, कारण घरात उलट मत आहे.

सुलक्षणेनं (तुझी लाडकी भाचेसून) माझं बीपी उतरावं म्हणून मोबाईलवर एका बाईंचा पाठ लावून दिला. बाजार करा, रांगेत उभे राहा, पण दिसेल ते नुसतं पाहा, चांगलं-वाईट म्हणू नका. अगं, हे मी तिसरीपासून करतोय! कवितेच्या तासाला खिडकीबाहेर असाच पाहायचो आणि गुरुजी खडू मारायचे.

तर पुरणपोळीचा गहू घेऊन भोरला गिरणीत गेलो (इथल्या गिरणीची मोटार जळलीय). गव्हावर गहूच दळायचा, हे तुला ठाऊक. पण रांगेत माझ्यापुढच्या कोंडाबाईची नाचणी निम्मी अजून चक्कीत असतानाच गिरणीवाल्यानं माझा डबा ओतला. मी पाहिलं. पीठ आधी तांबूस, मग करडं, मग धुक्यासारखं होत गेलं. कवितेत उतरते तशी संध्याकाळच! कोंडाबाई ओरडली, "आवो आबा, गव्हाचं वाटुळं झालं! बोला की कायतरी!" मी हसलो. येताना एसटी भोंगवलीला थांबली, माणसं उतरली, गाडी सुटली, तेही निर्विकारपणे पाहिलं. शेवटच्या थांब्यावरून टेम्पोनं परतलो.

घरी व्याही जेवायला. पोळ्या शेणीच्या रंगाच्या. रात्री सुलक्षणा म्हणाली, "आबा, आता ओट्यावर बसून बघा काय बघायचं ते. डबा मी नेते स्कूटीवर."

ओट्यावरून काय दिसतं गं? समोरचा पत्रा. भोरच्या पुलावरून नदी दिसते, ओळखीचा माणूस "आबा, च्या घ्या" म्हणतो. पोळीच्या रंगापायी माझी एसटी बंद? जमणार नाही. मी जाणार, डबा घेऊन जाणार आणि खिडकीत बसणार!

तुझा,
हट्टी दादा

ता. क. सुलक्षणा तुझंच ऐकते. शिवऱ्याहून रविवारी ये आणि तिला समजाव. व्याह्यांनी तिसरी पोळी मागून घेतली, हेही सांग.

ता. क. दुसरा. सुलक्षणे, पाकीट टाकायला तूच नेणार, म्हणजे वाचणारच. वाच. चांगलं-वाईट म्हणू नकोस. फक्त सोमवारी पिठाचा डबा रिकामा होतोय, तेवढं मात्र नुसतं पाहत बसू नकोस. दाराशी आणून ठेव.