डावीकडे मारा

४ मार्च

चि. बोक्यास,
अ. उ. आ.

आशीर्वाद सवयीने लिहून झाले, नाहीतर आज एकही मनातून निघत नव्हता. कालच्या सामन्यात तुझ्या संघाने आमच्या मनीवर दोन गोल केले, दोन्ही तिच्या डावीकडून. त्याचं एवढं नाही, गोलकीपरने गोल खाल्ले यात नवल काय! पण नंतर नळावर तुझी ती उंच पोरगी मैत्रिणीला सांगत होती की सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, डावीकडे मारा, ही तिकडे झेपावत नाही. मी मागेच बाटली भरायला उभी होते.

अरे, सख्खा मामा ना तू तिचा? हातमोजे घालायला तिला तूच शिकवलंस. माझ्या घरी माझ्या हातचं जेवलास आणि जाताना पोरीचं वर्म घेऊन गेलास. वरच्या संघाची निवड करणारे समोर बसले होते, हेही तुला ठाऊक होतं. आज निवड जाहीर झाली, मनी त्यात नाही. खोलीला कडी लावून बसली आहे. तू दिलेले हातमोजे कचऱ्याच्या डब्यात आहेत आणि मी ते काढणार नाही.

गोलकीपर होतास तेव्हा निदान आपल्या माणसांच्या बाजूने उभा राहायचास. प्रशिक्षक झालास आणि बाजू बदललीस. लोभ तुझा तुझ्यापाशीच ठेव.

ताई

९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचलं, तुझ्या इस्त्रीइतकंच तापलेलं.

हो, सांगितलं मी. माझ्या पोरी जिंकाव्यात म्हणून मला इथे ठेवलंय, भाचीचे लाड करायला नाही. आणि वर्म मी चोरलं म्हणतेस? ते तुझ्याच घरात घडलंय. मागच्या दाराला गोल मानून तू तिला तयार केलंस, जसं मी लहानपणी तुझ्याकडे राहायचो तेव्हा मला केलं होतंस. दारात उभं राहिलं की उजवीकडे मोकळं अंगण आणि डावीकडे पुढे आलेली इस्त्रीच्या खोलीची भिंत. उजवीकडे झेप घेतली तर माती, डावीकडे घेतली तर खांदा विटांवर. शरीर काय शिकणार?

मी तर खेळलो तोवर एक पाऊल डावीकडे सरकूनच उभा राहायचो, म्हणजे तिकडे झेपच घ्यावी लागू नये. लहान संघांत खपून गेलं. मोठ्या संघात गेलो आणि तिथल्या प्रशिक्षकांनी लगेच ओळखलं. पुढे बाकावर बसून दुसऱ्यांचे हातमोजे सांभाळले. मनीने पहिल्यांदा खेळायला घेतलं तेव्हाच तुला हे सगळं सांगितलं होतं. भिंत पाड, नाहीतर तिला मैदानावर ने. तू म्हणालीस, बाकावर बसलास तो तुझ्या आळसाने, माझ्या भिंतीला नावं ठेवू नकोस. सगळे हसले. मेहुणे तर पोट धरून हसले.

आता हसा.

बोका

१३ मार्च

चि. बोक्यास,
आशीर्वाद.

तुझी सारवासारव वाचली. त्या दारात तुला चेंडू मीच मारायचे. असं काही असतं तर मला दिसलं नसतं? त्या खोलीवर हे घर चालतं. तुझे पहिले बूटही त्याच इस्त्रीच्या पैशांवर आले होते, हे विसरलास वाटतं. मनी अजून कुणाशी धड बोलत नाही आणि तू मला विटा दाखवतोस! परतीच्या सामन्याला आमच्या बाजूला फिरकूसुद्धा नकोस.

ताई

१७ मार्च

ती. ताईस,
सा. न.

तुला दिसलं नाही, कारण भिंतीकडे तू कधी मारलाच नाहीस. भावाला लागेल म्हणून. लेकीलाही मारत नसशील. एकदा मार आणि मग खुशाल शिव्या दे.

बोका

२८ मार्च

चि. बोक्यास,
अ. उ. आ.

मारला. मनीच्या हातापाया पडून तिला दारात उभी केली आणि भिंतीकडे मारला. चेंडू पोचायच्या आतच तिने खांदा चोरला. पुन्हा मारला, पुन्हा तेच. त्यानंतर माझा पायच उठेना. पायरीवर बसून रडले. रडताना तुला शिव्याच देत होते, तेव्हा हुरळून जाऊ नकोस.

रविवारी भिंत पाडली. पहिला घाव मी घातला, मग तुझ्या मेहुण्यांनी पहार घेतली. आता हसत नाहीत ते. खोली गेली. इस्त्रीचं टेबल स्वयंपाकघरात आलं, गिऱ्हाइकांच्या कपड्यांना कांद्याचा वास लागतो आणि समोरच्या डॉक्टरीणबाईंनी कपडे द्यायचे बंद केले आहेत. सुरुवातीला मनी डावीकडे नुसती वाकायची. काल मात्र पडली, पूर्ण आडवी, कोपर सोलून निघालं आणि चेंडू छातीशी. उठली आणि म्हणाली, आई, अजून एक मार. हातात तुझेच हातमोजे होते. डब्यातून कधी काढले, मला पत्ता नाही.

तुला माफ केलेलं नाही. मी हसले होते तर पुन्हा सांगायचंस, ओरडून सांगायचंस. परक्या पोरींना आधी सांगायचं नव्हतंस. हा सल जायचा नाही.

पुढच्या महिन्यात परतीचा सामना आहे, निवडणारेही पुन्हा येणार आहेत. लोभाचं त्यानंतर बघू. तोवर तुझ्या पोरींना तेच सांग, डावीकडे मारा.

ताई