अण्णांच्या नावचं उत्तर

पोर्ट ऑफ स्पेन, त्रिनिदाद
ता. ८ नोव्हेंबर १९५९

तीर्थरूप अण्णांस,
मार्तंडचा शि. सा. नमस्कार. वि. वि. मी इथं खुशाल. आपला दमा कसा आहे ते कळवावं.

काल आमच्या शाळेची सहल फोर्ट जॉर्जला गेली. इंग्रजांनी दीडशे वर्षांपूर्वी डोंगरमाथ्यावर बांधलेला किल्ला. नळदुर्गापुढं नुसती गढी! तोफा समुद्राकडं तोंड करून बसल्यात, पण शत्रू कधी आलाच नाही. आपण असता तर मग बांधला कशाला म्हणून हसला असता.

सोबत दुलारी होती. आमच्या शाळेत गणित शिकवते. तिचे आजोबा उत्तर प्रदेशातल्या बस्ती जिल्ह्यातून इथं उसाच्या मळ्यावर आले. जात तिलाही नीट ठाऊक नाही, पण घरात रामायण रोज वाचतात. अण्णा, हिच्याशी लग्न करावं असं मनात आहे. वरच्या लाकडी चौकीपाशी तिनंच विषय काढला. वडिलांना विचारून सांगतो, म्हटलं. आपल्या शब्दाबाहेर मी नाही.

आपल्या मायेची सावली अशीच राहू द्यावी.
आपला मार्तंड

तुळजापूर, जि. उस्मानाबाद
ता. २४ नोव्हेंबर १९५९

चि. मार्तंडास,
अनेक आशीर्वाद. हाताला कंप सुटलाय, म्हणून थोरल्या वसंताकडून लिहवून घेतो आहे. तुझं पत्र ऐकून मन विटलं. जिच्या कुळाचा पत्ता नाही, ती आपल्या देवघरात? वसंताची चारुशीला उजवायची आहे. बार्शीची मंडळी पाहून गेलीत. काकानं असं केलं तर पोरीला कोण करून घेईल? मी हयात असेतो हे होणे नाही. दिला शब्द पाळ.

आई भवानी तुला सुबुद्धी देवो.
अण्णा

पोर्ट ऑफ स्पेन
ता. १७ जानेवारी १९६०

तीर्थरूप अण्णांस,
शि. सा. नमस्कार. आज दुलारीला घेऊन पुन्हा किल्ल्यावर गेलो. सांगायचं ते तिथंच सांगू असं ठरवलं होतं. वाऱ्यात ऐकू येईना, दोनदा सांगावं लागलं. ती रडली नाही. स्वतः पत्र लिहून आपल्याला विनवलं तर चालेल का, एवढंच तिनं विचारलं. मी नको म्हटलं. मग ती एकटीच भराभरा उतरून गेली. मी तोफेला टेकून बराच वेळ बसलो.

आपली आज्ञा पाळली, अण्णा. आता राग सोडावा आणि प्रकृतीला जपावं.
आपला मार्तंड

तुळजापूर
ता. २२ मे १९६०

ती. स्व. भाऊस,
शारदेचा सा. नमस्कार. काळीज घट्ट करून वाच. आपले अण्णा १६ नोव्हेंबरला गेले. वसंतदादांनी मला सांगितलं, मार्तंडला तार केली पण त्याला यायला जमत नाही. तेरा दिवस मी तुझ्या नावानं बोटं मोडली. सासरी गेल्यावरही रागानं तुला एक ओळ टाकली नाही.

काल माहेरी फडताळ झाडताना तुझी पत्रं सापडली. एक जानेवारीतलं, अण्णांच्या नावचं! वहिनीला खोदून विचारलं, तेव्हा ती रडायलाच लागली. अण्णा गेल्याच्या दुसऱ्या दिवशी तुझं पत्र आलं. दादा तार करायला निघाले होते. वाटेत पत्र वाचलं आणि तसेच मागं फिरले.

दादांना विचारलं. म्हणाले, माझं त्यानं ऐकलं नसतं, अण्णांचं ऐकलं. पोरीसाठी केलं. चारूच्या अक्षता चैत्रात पडल्या.

भाऊ, मी तरी लिहायला हवं होतं. तुझी माया तुटू देऊ नकोस.
तुझी शारदा

पोर्ट ऑफ स्पेन
ता. ५ जून १९६०

वसंतराव यांस,
शारदेचं पत्र पोचलं.

अण्णाही कदाचित नाहीच म्हणाले असते. मग मी भांडलो असतो, रुसलो असतो, ते विरघळेपर्यंत पत्रांवर पत्रं टाकली असती. तो नकार माझ्या बापाचा असता. तुम्ही मला त्यांच्याशी भांडूही दिलं नाही आणि त्यांच्यासाठी रडूही दिलं नाही.

चारू सुखानं नांदो, तिचा काही दोष नाही. तिकडून यापुढं मला पत्र आलं तर शारदेचंच यावं.

दुलारीचं लग्न मार्चमध्ये झालं. पंडित ऐनवेळी आजारी पडला आणि तिच्या वडिलांनी हात जोडले, म्हणून अण्णांनी शिकवलेले मंत्र मी म्हटले. बाप जाऊन चार महिने झालेले, आणि मी कपाळाला गंध लावून, खड्या आवाजात, तिची गाठ दुसऱ्याशी बांधत होतो.

मार्तंड