काशीला सोडलेली गोळी

सातारा

ती. पद्माआक्का,

मनूनं तुझ्या पायावर डोकं ठेवलं आसं समज. खरंच वाकले तर उठवायला दोघं लागतील. तुझं गुडघं कसं हायत? विश्रामबागेत ऊन लय म्हणं. मी हितं चैत्रात ह्येंचा मिलिटरीचा स्वेटर घालून बसलीया. (तू फोनवर बोललीस की सगळ्या कॉलनीला कळतंय, म्हणून सूनबाईकडनं, क्रांतीकडनं, लिवून घेतीया. तू चौथी शिकलीयास, तूच वाच.)

आक्का, माझं काय खरं न्हाई. दिवाळीनंतर काशीला गंगेत हातात हात धरून आपण काय सोडलं, आठवतंय नव्हं? बाकीच्या बायकांनी वांगं सोडलं, गवार सोडली. आपण दोघी शाण्या. थायरॉईडची गोळी सोडली, कारण तिच्यापायी सकाळचा चहा तासभर अडायचा. तवापास्नं केस गळालं, तोंड सुजलं, आवाज रेड्यासारखा झालाय. मी हाक मारली की शेजारचा धनाजी वैरण घेऊन गोठ्यात धावतोय.

रक्त तपासलं तर आकडा लय वर. मी म्हणलं, बरं झालं सोडली, आंगात उतू चाललंय! डॉक्टरनं कपाळाला हात लावला. म्हणाला, आजी, हा आकडा गळ्याचा न्हाई, मेंदूच्या वरडण्याचा हाय. मेंदूखाली वाटाण्याएवढी ग्रंथी बसलीया. रक्तात थायरॉईडचा रस कमी पडला की ती गळ्यातल्या ग्रंथीवर वरडती, भरपूर झाला की गप. तिच्याबी वर मेंदूत एक हाय, ती हिला हुकूम सोडती. रस बघून तीबी गप बसती. मंजी सासू आन आजेसासू! (क्रांती हसतीया. लिव गं, हेबी लिव.) आन गळा बिचारा थकलेली सून, कितीबी वरडा, उठतच न्हाई. गोळी पोटात गेली की दोघी शांत. न्हाईतर काळजाभवती पाणी साठंल म्हणाला.

पन गंगेत सोडलेलं परत तोंडात कसं घालू? क्रांती रोज गोळी हातावर ठेवती, मी रोज तुळशीत टाकती. तुळस मातर टवटवीत हाय.

तुझी मनू

ता.क. दोघींनी मिळून सोडलंय, तवा थोरलीनं आदी धरावं. तू घे, मग मी घेती. एकटीला न्हाई जमायचं मला.

ता.क. मावशी, हे मी क्रांती माझ्या मनानं लिहितेय. तुम्ही होळीपासून गोळी परत सुरू केलीय, हे तुमचे चिरंजीव जयराजदादा फोनवर बोलून गेले. मी सांगितलं तर आत्यांना ते सुनेचं कारस्थान वाटेल. तेव्हा पहिल्या एसटीनं या आणि त्यांच्यासमोर गोळी घ्या. जास्त लिहीत नाही. आत्या विचारतायत, नुसत्या पत्त्याला एवढा वेळ का लागतोय.